क्राऊनच्या दातावरचा शेंदूर

मला इंग्रजी वाचता येत होतं. आज यात सांगण्यासारखं काही नाही, पण एकोणीसशे तिसाच्या आसपासच्या सोलापुरात, ज्या मोटारींच्या कारखान्यात मी फिटर होतो तिथे, एवढ्या एका गोष्टीवर माणूस विद्वान ठरत असे. माझी मजल इंग्रजी चौथीपर्यंतची. चौथीच्या परीक्षेला मी दोनदा बसलो आणि दोन्ही वेळा परीक्षकांचं आणि माझं पटलं नाही. कारखान्यात हे कुणाला ठाऊक नव्हतं. तिथे मला सगळे 'मास्तर' म्हणत. निम्मे आदराने म्हणत, निम्मे चेष्टेने. कोण कसं म्हणतो हे मी कधी तपासून पाहिलं नाही, कारण त्यात माझंच नुकसान होतं.

कारखाना म्हणजे स्टेशनाच्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड, पुढे अंगण, अंगणात एक लिंबाचं झाड आणि गाडीखाली शिरण्यासाठी खणलेला खड्डा. मालकांच्या चार सर्व्हिस मोटारी होत्या. आजच्या वाचकाने बस डोळ्यांपुढे आणू नये. अमेरिकेहून लॉरीचा नुसता सांगाडा यायचा. त्यावर आमचे सुतार लाकडाची पेटी चढवायचे आणि आत बाकडी ठोकायचे. वीस माणसांची परवानगी असलेल्या त्या पेटीत पस्तीस माणसं, दोन शेळ्या आणि टपावर शेंगांची पोती भरली, की मालक हात हलवून म्हणायचे, "सोडा आता, रिकामी कशाला थांबवता?"

मालक मुळात शेंगांचे अडते. अडतीत बरा जम बसला होता, पण अडत्याला कुणी रस्त्यात वळून बघत नाही आणि मोटारवाल्याला बघतात, हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते मोटारवाले झाले. मोटारीविषयीचं त्यांचं सगळं ज्ञान एका वाक्यात मावत असे. गाडी चालली तर आपल्या नशिबाने चालली, आणि मोडली तर ड्रायव्हरने मोडली. या नियमाला त्यांनी कधी अपवाद सापडू दिला नाही.

तीन नंबरच्या गाडीवरचा ड्रायव्हर सांगोल्याकडचा होता, मेंढरं राखणाऱ्या घरातला. पहिल्या मोठ्या लढाईत खेचरांच्या तांड्याबरोबर इराकात बसऱ्याला गेला आणि तिथून मोटार शिकून आला. चाळिशीचा, बोलायला कमी, डोक्याला लाल पटका, पाय कायम अनवाणी. क्लच अनवाणी पायालाच कळतो असं त्याचं म्हणणं होतं. बाजाराला जाणाऱ्या बाया दह्याचं मडकं मांडीवर घेऊन त्याच्याच गाडीत बसायच्या. दुसऱ्याच्या गाडीत दही लुगड्यावर यायचं. भावांच्या वाटणीत त्याने मोटारीच्या भरवशावर आपल्या हिश्श्याची मेंढरं सोडून दिली होती, त्यामुळे ड्रायव्हरकी गेली तर गावाकडे त्याला भावांची मेंढरं राखण्यावाचून दुसरं काही नव्हतं.

आणि आमचे मिस्त्री. साठीचे, गुलबर्ग्याकडून आलेले, दखनी बोलणारे, पाच वेळा नमाज पढणारे आणि दर शनिवारी मारुतीच्या देवळाशेजारच्या दुकानात रांगेत उभं राहून शेंदूर घेणारे. पहिल्या खेपेला दुकानदार चक्रावला होता. पुढे तो इतका सरावला, की मिस्त्री दिसले की "आज कुठल्या मोटारीला?" असं विचारून पुडी बांधायला घ्यायचा.

या शेंदराचं काम काय, ते सांगायला हवं. इंजिनाकडून येणारा दांडा गाडीच्या मागच्या आसापाशी संपतो. तिथे त्याच्या टोकाला एक लहान दातेरी चक्र असतं, ते पिनियन. ते एका मोठ्या दातेरी चक्राला फिरवतं, तो क्राऊन. क्राऊन फिरला की मागची चाकं फिरतात. सगळा भार, पस्तीस माणसं, शेळ्या आणि शेंगा, अखेर या दोघांच्या एकमेकांना टेकलेल्या दोन-तीन दातांवर येतो. म्हणून ते दात एकमेकांना नेमके कुठे टेकतात हे बघणं भाग असतं, आणि नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही. मिस्त्री तेलात शेंदूर कालवायचे, क्राऊनच्या चार दातांना त्याचा पातळ हात द्यायचे, क्राऊन लाकडाच्या दांडक्याने जरासा अडवून धरायचे आणि पिनियन फिरवायचे. दात जिथे टेकेल तिथला शेंदूर पुसला जायचा आणि उघड्या लोखंडाचा एक दाग उरायचा. तो दाग ते वाचायचे. पिनियनच्या मागे कागदासारख्या पातळ पत्र्या असतात, त्या कमी-जास्त करायच्या. क्राऊन इकडे-तिकडे सरकवायचा. पुन्हा शेंदूर, पुन्हा फिरवणं, पुन्हा डोळ्यांजवळ दिवा. एका गाडीला सगळा दिवस जायचा. दाग दाताच्या मध्यावर, आणि मध्यापेक्षाही किंचित आतल्या अंगाला आल्याशिवाय ते झाकण लावू देत नसत.

"आतल्या अंगाला का? बरोबर मध्यावर का नको?" मी एकदा विचारलं होतं.

"ये बगैर लोड की गाडी का दाग है, मियां," ते म्हणाले. "लोड पड्या तो बाहर सरकता. अब्बीच बाहर रह्या तो लोड में किधर जाएगा?"

हे मला पटलं होतं आणि नेमकं त्यामुळेच मी त्याची टिंगल करत असे. सांगाड्याबरोबर अमेरिकेहून एक जाडजूड पुस्तक आलं होतं, त्याला आम्ही कॅटलॉग म्हणायचो. ते माझ्या ताब्यात होतं. दुपारी लिंबाखाली बसून मी ते वाचायचो. त्यातले निम्मे शब्द मला कळत नसत. ते मी जास्त मोठ्याने वाचायचो. त्यात या कामाला एक निळा रंग वापरावा असं लिहिलं होतं, आणि सोलापुरात तो निळा रंग कुठेच मिळत नव्हता. तरी मी मिस्त्रींना सांगत राहायचो, की अमेरिकेत निळा लावतात, शेंदूर दगडाच्या देवाला लावतात. मिस्त्री हसून म्हणायचे, "रंग कुच्च बी हो. दाग पढना आया तो बस."

त्या हिवाळ्यात तीन नंबरच्या गाडीचा जुना क्राऊन गेला. झिजून झिजून त्याचे दात सुरीसारखे झाले होते, तो जायचाच होता. मिस्त्रींनी मालकांना हे वर्षभर सांगितलं होतं. पण मालकांचा नियम आड आला. त्यांनी ड्रायव्हरला अंगणात उभं केलं आणि सगळ्यांसमोर बजावलं, "ही पहिली खेप म्हणून सोडतो. आणखी एकदा मागचं काही मोडलं तर गाडीवरून उतरायचं आणि घरची वाट धरायची." ड्रायव्हर "व्हय" म्हणाला.

मुंबईहून नवी जोडी रेल्वेने आली, मेणकागदात गुंडाळलेली, लाकडी खोक्यात भुशात बसवलेली. आणि तेव्हाच मिस्त्रींना पुतणीच्या लग्नाला गुलबर्ग्याला जायचं होतं. जाताना त्यांनी खोक्यावर हात ठेवून मला सांगितलं, "मैं आने तक इसकू हात नक्को लगाना." मी मान हलवली. ते आगगाडीत बसेपर्यंत मी ती मान तशीच ठेवली असेल.

मालकांना आठ दिवस थांबायचं नव्हतं. जत्रांचे दिवस तोंडावर आले होते. त्यांनी विचारण्याआधीच मी म्हणालो, "मिस्त्री कशाला पाहिजेत? पुस्तक आहे की." हे वाक्य मी किती सहज म्हणालो होतो ते मला अजून आठवतं. मालकांनी माझ्याकडे पाहिलं, पुस्तकाच्या जाडीकडे पाहिलं, आणि पुस्तकाच्या जाडीवर विश्वास ठेवला.

दोन दिवसांत मी जोडी बसवली. तिसऱ्या दिवशी सकाळी गाडीचं मागचं अंग लाकडी ठोकळ्यांवर उचलून धरलेलं, आसाच्या पोटाचं गोल झाकण काढलेलं, आत नवा क्राऊन चकचकीत. निळा रंग नव्हताच, तेव्हा अमेरिकेला जरा बाजूला ठेवून मी मिस्त्रींच्याच डबीतला शेंदूर घेतला. चार दातांना लावला, दांडकं अडवलं, पिनियन फिरवलं, दिवा आत घातला.

दाग चारही दातांवर स्वच्छ उठला होता आणि चारही दातांवर तो अगदी बाहेरच्या टोकाला होता.

वाचायला इंग्रजी लागत नव्हतं. क्राऊन पिनियनकडे सरकवायला हवा होता, मग पत्र्या बदलायला हव्या होत्या, म्हणजे पिनियन पुन्हा बाहेर. म्हणजे सगळा दिवस. मी दिवा काढला आणि पुसायला चिंधी शोधू लागलो, तेवढ्यात फाटकातून मालक आले. एकटे नव्हते. बरोबर गुरुजी होते, मालकांचे व्याही होते, शेंगांचे दोन व्यापारी होते आणि हातात ताट घेतलेल्या घरच्या बाया होत्या. गेल्या खेपेला क्राऊन मोडला तो मुहूर्त न बघता बसवला म्हणून, असं गुरुजींचं मत पडलं होतं. या वेळचा मुहूर्त गिरणीचा दुपारचा भोंगा व्हायच्या आत संपणार होता, आणि त्याच्या आत पूजा होऊन झाकण बंद व्हायला हवं होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुहूर्त फिटरला विचारून काढत नाहीत.

मालकांनी वाकून आसाच्या पोटात पाहिलं आणि थबकले. आत शेंदूर लावलेला क्राऊन. त्यांनी चटकन चपला काढल्या आणि हात जोडले. त्यांच्या मागे व्याह्यांनी जोडले. व्यापाऱ्यांनी टोप्या सारख्या केल्या आणि तेही वाकले. पाच-सहा प्रतिष्ठित माणसं एका लॉरीच्या पार्श्वभागाला मनोभावे नमस्कार करत उभी आहेत, हे दृश्य मी त्यानंतर पुन्हा पाहिलं नाही.

"मास्तर," मालक गहिवरून म्हणाले, "तुम्ही सगळं आधीच केलंत. मी समजत होतो, इंग्रजी शिकलेला माणूस देवधर्म विसरतो." मग पुन्हा वाकून त्यांनी बारकाईने पाहिलं आणि त्यांची कपाळावरची आठी परत आली. "पण चारच दातांना का? बाकीच्यांनी काय पाप केलंय?"

मी काही बोलायच्या आत गुरुजींनी डबी उचलली. गुरुजींचा हात सढळ होता. त्यांनी मंत्र म्हणत बोटाने एकूण एक दात माखला, माझे चारही माखले, पिनियनही सोडलं नाही. वर हळद, वर कुंकू, वर फुलाच्या पाकळ्या आणि वर अक्षता. लोखंडाच्या दातांमध्ये तांदूळ! मी पुढे होऊन ते वेचू लागलो तर व्याही म्हणाले, "राहू द्या हो, शुभ असतात." तेल घातल्यावर त्यांची काय पेज होईल हे मी त्यांना समजावून सांगितलं नाही. मुकाट्याने वेचत राहिलो.

खरं तर तेव्हाच सांगायचं होतं. दाग बाहेर आहे, आणखी एक दिवस लागेल, मुहूर्त गेला तर जाऊ द्या. एवढंच. गुरुजींनी दाग पुसला होता, पण मी तो पाहिला होता. ड्रायव्हर तिथेच लिंबाला टेकून उभा होता, आणि या झाकणाआड त्याचं पोट आहे हे त्या अंगणात सर्वांत चांगलं मला ठाऊक होतं. नारळ फुटला. बायांनी ओवाळलं. मालक सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "काय मास्तर, मिस्त्रींवाचून अडलं नाही म्हणायचं! दात बरोबर बसले ना?"

व्यापारी माझ्याकडे बघत होते. घरच्या बायाही बघत होत्या. मी छाती पुढे काढून म्हणालो, "अगदी कॅटलॉगप्रमाणे."

भोंगा व्हायच्या आत झाकण लागलं. खोबऱ्याचा सर्वांत मोठा तुकडा मला मिळाला आणि मी तो खाल्ला.

गाडी रस्त्याला लागली ती घुमतच. मागून सारखा एक आवाज, रिकामी असताना बारीक, भरली की मोठा. मालकांना तो आवाज फार आवडला. त्यांनी एकदा पुढच्या बाकावर बसून मंगळवेढ्यापर्यंत प्रवास केला आणि परत येऊन सांगितलं, की नव्या क्राऊनचा जोर कानाला कळतो. ड्रायव्हर मात्र दर दोन दिवसांनी माझ्यापुढे येऊन उभा राहायचा.

"मास्तर, मागनं लई घुमतंय की. कायतरी बसलं न्हाय नीट."

"नवं आहे. दातांची एकमेकांशी ओळख व्हायला वेळ लागतो."

"पंद्रा दिस झालं. अजून वळख पटंना व्हय त्यास्नी?"

मी हसलो. तोही हसला. मी विद्वान होतो आणि तो मला विद्वान मानत होता, त्यामुळे ते हसणं तिथेच मिटलं. मिस्त्री तोवर परत आले होते. त्यांनी गाडी फाटकातून आत येताना ऐकली, जागच्या जागी उभे राहिले आणि मला म्हणाले, "दाग देख्या था क्या?" मी म्हणालो, "बघितला." हे खरं होतं. "कैसा था?" मी म्हणालो, "बरोबर होता." मिस्त्रींनी मालकांकडे झाकण उघडायची परवानगी मागितली. मालक म्हणाले, मुहूर्तावर लावलेलं झाकण उघडायचं नाही. आणि ते चुकलं असं मीच म्हणत नव्हतो, मग मिस्त्रींचं कोण ऐकणार?

महिन्याभराने सीना नदीच्या उतारावर, म्हणजे गाड्या नदी ओलांडायच्या त्या जागी, ती गाडी बसली. तिथे पूल नव्हता. उन्हाळ्याच्या तोंडाला नदी आटली की गाड्या वाळूतून पलीकडे जायच्या आणि मग समोरची दरड चढायची. जत्रेची गर्दी, टपावरसुद्धा माणसं. दरड अर्धी चढून झाली आणि मागे कडाडकन आवाज झाला. गाडी मागे घसरायच्या आत ड्रायव्हरने ब्रेक आवळले, खाली उडी टाकून चाकांमागे दगड लावले आणि मग लोकांना उतरवलं. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. लोक वाळूतून चालत गेले आणि जाताना त्याला शिव्या देत गेले.

बैलांच्या दोन जोड्या लावून गाडी कारखान्यात आणली. झाकण उघडलं तेव्हा आत शेंदराचा मागमूस नव्हता, सगळा तेलात विरघळून गेला होता. क्राऊनचे तीन दात तुटले होते. मालक, ड्रायव्हर, मी आणि शेडमधली बाकीची माणसं गोलाकार उभी राहिलो. मिस्त्रींनी तुकडे वेचून पंजावर घेतले आणि उजेडात फिरवून पाहिले. तिन्ही दात बुडातून गेले नव्हते. तिघांचाही बाहेरचा कोपरा तेवढा उडाला होता, आणि राहिलेल्या दातांवर झिजेचे पट्टे चकाकत होते, तेही सगळे बाहेरच्या टोकाला. शेंदराने एक दिवस सांगितलेली गोष्ट लोखंडाने महिनाभर लिहून ठेवली होती.

"ये ड्रायवर का काम नहीं," मिस्त्री म्हणाले. "झटका दिया तो जड से टूटता. ये तो कोने कोने टूट्या."

"मला कळेल असं बोला," मालक वैतागले. "चूक कुणाची?"

मिस्त्रींनी तुकडे खोक्यावर ठेवले आणि हात पुसले. "बंद किसने किया उसकू पूछो ना."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रींनी माझं नाव घेतलं नव्हतं, मला दोषही दिला नव्हता. त्यांनी फक्त मला बोलायला जागा करून दिली होती. एक वाक्य पुरलं असतं. मालकांनी फार तर मला हाकललं असतं, आणि मला तर कुठल्याही गिरणीत दुसऱ्या दिवशी काम मिळालं असतं. नोकरीची भीती नव्हतीच. भीती होती ती 'मास्तर' जाईल याची.

मी म्हणालो, "पुस्तकात बघतो."

आणि कॅटलॉग आणला. जे पान उघडलं तेच मी वाचायला घेतलं, खणखणीत आवाजात, बोट ओळीवर फिरवत. ते पान गाडीचं कापडी छत कसं धुवावं याबद्दल होतं. कोमट पाणी घ्यावं, साबण सौम्य असावा, पेट्रोल लावू नये, उन्हात ताणून वाळवावं. हे सगळं मी इंग्रजीत वाचत होतो आणि शेडमधली माणसं कीर्तनाला बसल्यासारखी ऐकत होती. वाचून झाल्यावर मी पुस्तक मिटलं आणि अर्थ सांगितला: "ड्रायव्हरने भरल्या गाडीत चढावर क्लच झटक्याने सोडला, की क्राऊनच्या दातांचे कोपरे उडतात."

मालकांचा चेहरा उजळला. त्यांच्या नियमाला आता अमेरिकेचा आधार मिळाला होता. "बघा," ते मिस्त्रींना म्हणाले, "त्यांना तिकडे बसून कळलं आणि तुम्हाला इथे समोर ठेवून कळत नाही."

ड्रायव्हर तुटलेल्या तुकड्यांकडे बघत होता. त्याला झटका दिल्याचं आठवत नव्हतं, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग तो हळूच म्हणाला, "बुकात लिवलंय म्हंजी आसंलच की."

त्याला त्याच दिवशी गाडीवरून उतरवलं. मिस्त्री जाता जाता माझ्यापाशी थांबले. "तेरी किताब कमाल की है, मियां," ते म्हणाले. "जो पूछो वोच बोलती." त्यानंतर कामापुरतं सोडून ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि मलाही ते बरंच वाटलं.

दुसरी जोडी आली. मिस्त्रींनी ती स्वतः बसवली, सगळा दिवस घालवून, मालकांनी कितीही घाई केली तरी. तीन नंबरची गाडी तयार होऊन अंगणात उभी होती आणि तिच्यावर मालकांचा मेहुणा येणार होता, त्या दुपारी ड्रायव्हर कारखान्यात आला. गाडीच्या बाकाखाली त्याची घोंगडी राहिली होती. मालक अडतीत होते, मिस्त्री नमाजाला गेले होते, बाकीचे जेवायला. मी एकटा लिंबाखाली होतो.

त्याने घोंगडी काढली, झटकली, खांद्यावर टाकली आणि माझ्याकडे आला. बार्शी रस्त्यावरच्या एका सर्व्हिसवाल्याने त्याला बोलावणं धाडलं होतं. तो अजून गेला नव्हता.

"का नाही गेलात?" मी विचारलं.

"कसं जाऊ, मास्तर? त्येंची बी गाडी मोडायची." तो जरा घुटमळला. "मला काय ते उमगंना झालंय. पंद्रा वर्सं झाली पाय चालतोय. कुटं चुकतंय ते तुमी दावा की. तुमाला ठावं हाय. पाय सुदारण्यातला आसंल तर उद्या बार्शीवाल्याकडं जातो. न्हायतर गावाकडं, मेंढरांमागं."

मी काही म्हणायच्या आत त्याने पुढे जाऊन हँडल मारलं. इंजिन सुरू झालं. तो सीटवर चढला आणि मला म्हणाला, "तुमी फकस्त पायाकडं बगा."

मी पायरीवर उभा राहून आत वाकलो. भेगाळलेला, धुळीने पांढरा झालेला पाय क्लचवर होता. तो वर येऊ लागला. मी त्या पायाकडेच बघत होतो. आता सुटेल, आता सुटेल असं म्हणत होतो, आणि मान वर केली तर लिंब मागे गेला होता आणि फाटक जवळ आलं होतं. गाडी कधी हलली ते मला कळलं नाही. असा पाय मी त्याआधी पाहिला नव्हता आणि त्यानंतर एवढ्या वर्षांत पाहिलेला नाही. मला स्वतःची किळस आली.

फाटकापाशी त्याने गाडी थांबवली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं. अंगणात कुणी नव्हतं. मालक नव्हते, व्याही नव्हते, व्यापारी नव्हते, ज्यांच्यापुढे मिरवायचं असं एकही माणूस नव्हतं.

"चुकतंय का?" त्याने विचारलं.

"थोडं," मी म्हणालो. "जरा हळू सोडा."

"व्हय," तो म्हणाला, आणि त्याने पुन्हा क्लच दाबला.